शहराची अब्रू

'अब्रू' या शब्दाची फोड मी गेली वीस वर्षे दरसाल वर्गात सांगत आलो आहे. 'आब' म्हणजे पाणी, 'रू' म्हणजे चेहरा. तोंडावरचे पाणी, तोंडावरचे तेज, ती अब्रू. मुले वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहून दोन गुण मिळवतात आणि मोकळी होतात. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तोंडावरचे पाणी म्हणजे घामच की! घामाला अब्रू का म्हणायचे?" वर्ग खो खो हसला. मीही हसलो आणि माधव जूलियनांच्या १९२५ सालच्या फार्शी-मराठी कोशाचा आधार घेऊन वेळ मारून नेली. पण त्या मुलीचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

या सदराच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. मराठीत मुरलेला एखादा फार्शी शब्द सापडला, की मी त्याच्या माहेरापर्यंत त्याला पोचवून येतो. आजवर ही पोचवणी कोशातच होत असे. २०१८ सालच्या ऑक्टोबरात मात्र मी खरोखरीच त्या माहेरी जाऊन आलो. आज दिवाळीच्या निमित्ताने संपादकांनी चार पाने जास्त दिली आहेत, तेव्हा त्यातल्या एका शहराची हकिगत सांगतो. शहराचे नाव यझ्द.

यझ्दच का? त्याला कारण आमच्या कॉलेजजवळचे इराण्याचे हॉटेल. तिथे गल्ल्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या मालकांना मी इराणचा बेत सांगितला तेव्हा ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, तेहरान बघू नका. सगळी शहरे सारखीच. तुम्ही यझ्द बघा. आमचा आजोबा तिकडच्याच खेड्यातला." मुंबई-पुण्यातल्या कितीतरी इराण्यांची मुळे यझ्द आणि किर्मान या दोन मुलखांत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी ही माणसे दुष्काळाला, दारिद्र्याला आणि जाचाला कंटाळून इकडे आली, आणि आपल्याला ब्रून-मस्का व पाणी कम चहा देऊन गेली. तेव्हा ज्या गावाने आपल्या चहाची सोय केली ते पाहणे हे माझे कर्तव्यच होते म्हणा ना!

इस्फहानहून मी बसने निघालो. इस्फहानची झायंदेरूद नदी आदल्या संध्याकाळी पाहिली होती. सफवी बादशहांचे ते प्रसिद्ध तेहतीस कमानींचे पूल तसेच उभे, आणि खाली पाण्याचा थेंब नाही. नदीच्या पात्रात पोरे फुटबॉल खेळत होती. हे चित्र ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

इस्फहान सोडल्यावर आग्नेयेला वाट लागते ती वाळवंटाची. आपल्याला वाळवंट म्हटले की पंढरीचे आठवते आणि टाळ ऐकू येऊ लागतात. हे वाळवंट मुके. करडी, खडीने भरलेली जमीन आणि क्षितिजावर उघडेबोडके डोंगर. मैलोन् मैल काही दिसत नाही, आणि मग एकाएकी मातीच्या छोट्या छोट्या वाटोळ्या ढिगांची एक रांग दिसू लागते. प्रत्येक ढिगाच्या मध्ये खळगा. एखाद्या प्रचंड उंदराने डोंगरापासून सरळ रेषेत बिळे करीत यावे तशी ती रांग डोंगरातून निघते आणि गावाच्या दिशेने जाते. शेजारच्या उतारूला विचारले, "हे काय?" तो म्हणाला, "कनात."

आपल्याकडे कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत. ही कनात निराळी, आणि ती समजल्याशिवाय यझ्द समजत नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

इराणच्या नकाशात मध्यभागी दोन मोठी वाळवंटे आहेत. उत्तरेला दश्त-ए-कवीर, पूर्वेला दश्त-ए-लूत. त्यांच्या काठाशी, समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर, एका लांबट खोऱ्यात यझ्द वसले आहे. गावाजवळ नदी नाही. पाऊस वर्षाकाठी पन्नास-साठ मिलिमीटर, म्हणजे आपल्या पुण्यात एखाद्या दिवशी पावसाला जोर आला तर चोवीस तासांत पडतो तेवढा. पण नैर्ऋत्येला शीरकूह नावाचा चार हजार मीटरांहून उंच डोंगर आहे. हिवाळ्यात त्यावर बर्फ पडते, ते वितळून पायथ्याच्या खडीत मुरते. पाणी आहे, पण ते डोंगराच्या पोटात आणि गाव कोसभर लांब नव्हे, चांगले दिवसभराच्या वाटेवर. उघड्या पाटाने आणावे तर उन्हाने अर्ध्या वाटेत उडून जाईल.

यावर इराणच्या माणसाने अडीच हजार वर्षांपूर्वीच तोड काढली. डोंगराच्या पायथ्याशी एक विहीर खणून पाणी गाठायचे. ही 'आईविहीर', यझ्दच्या बाजूला अशा विहिरी शंभर मीटरांहूनही खोल आहेत. मग गावापासून तिच्याकडे जमिनीखालून एक बोगदा खणत न्यायचा, एक माणूस वाकून चालू शकेल एवढाच. त्याला उतार असा बेताचा द्यायचा की पाणी थांबणार नाही आणि जोराने वाहून मातीही खरवडणार नाही. दर काही अंतरावर वरून एकेक उभी विहीर खणायची. तिच्यातून माती बाहेर काढायची आणि आत हवा जायची. मी पाहिलेले ते उंदराचे ढीग म्हणजे या विहिरींची तोंडे. पंप नाही, रहाट नाही, मोट नाही. पाणी आपल्याच वजनाने सावलीतून चालत गावात येते. यझ्दची झार्चची कनात सत्तर किलोमीटरांहून लांब आहे आणि तिच्या उभ्या विहिरी दोन हजारांच्या वर आहेत. २०१६ साली युनेस्कोने इराणमधल्या अकरा कनाती जागतिक वारशाच्या यादीत घातल्या, त्यात हिचे नाव आहे.

हे काम करणारा तो मुकन्नी. यझ्दचे मुकन्नी सगळ्या इराणात नावाजलेले. बाप मुलाला शिकवी. हातात आखूड कुदळ, जवळ तेलाचा दिवा. दिव्याच्या रेषेत बोगदा सरळ ठेवायचा, आणि दिवा विझू लागला की हवा वाईट आहे असे समजून मागे फिरायचे. अंगात पांढरे कपडे. अंधारात दिसावेत म्हणून, आणि बोगदा अंगावर कोसळला तर कफन निराळे नको म्हणून, असे तिकडे सांगतात.

पाणी गावात आले की त्याची वाटणी. यझ्दमध्ये एक जलसंग्रहालय आहे, एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात. तिथे काचेच्या कपाटात मी एक तांब्याची वाटी पाहिली आणि जागच्या जागी उभा राहिलो. वाटीच्या बुडाला बारीक भोक. मोठ्या पात्रात पाणी भरायचे, त्यावर ही वाटी तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक माप झाले. ज्याचा जितक्या वाट्यांचा हिस्सा तितका वेळ पाट त्याच्या शेताकडे वळवायचा. अहो, हे आपले घटिकापात्र! आपल्याकडे भटजी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी ते घंगाळात सोडीत. आम्ही त्यावर दोन जिवांची गाठ बांधली, त्यांनी त्यावर साऱ्या गावाची बांधली. वाटी मोजणारा, हिशेब ठेवणारा जो माणूस तो मीराब, म्हणजे पाण्याचा अमीर. हिस्से वारशाने मिळत, विकले जात, मशिदीला दान दिले जात. एका कनातीचे मालक कधी कधी शेकड्यांनी. आणि कनात दरसाल साफ करावी लागे. एकाने हात आखडला तर सगळ्यांचे पाणी तुटे. तेव्हा भांडण कितीही असो, कनातीच्या खर्चाला सगळ्यांना एकत्र यावेच लागे.

आता गावात चला. यझ्दचे जुने गाव बाहेरून पाहिले तर नुसत्या मातीच्या भिंती. गल्ल्या अरुंद, वाकड्यातिकड्या, आणि वर ठिकठिकाणी कमानी टाकून छत केलेले. त्याला 'साबात' म्हणतात. दुपारी बाराला ऊन डोक्यावर असताना मी त्या गल्ल्यांतून सावलीसावलीने अर्धा तास हिंडलो. घरे कच्च्या विटांची. कच्च्या विटेला तिकडे 'खिश्त' म्हणतात, आणि ही खिश्त संस्कृत इष्टकेची चुलत बहीण. वर भुसा कालवलेल्या चिखलाचा लेप. चिखलाला शब्द 'गिल', आणि आपला गवंडी भिंतीला जो देतो तो 'गिलावा' याच घरातला. आमच्या मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात लहानपण गेलेल्या माणसाला त्या भिंतींचा वास ओळखीचा वाटेल.

दारावर दोन कड्या: एक जाड दांड्यासारखी, एक बारीक वर्तुळाची. पुरुष पाहुण्याने जाड वाजवायची, बाईने बारीक. आवाजावरून आत कळे की दार कोणी उघडायला जायचे. आत गेले की आठ कोनांची देवडी. तिला 'हश्ती' म्हणतात. 'हश्त' म्हणजे आपले अष्ट. तिथून वाट मुद्दाम वळण घेते, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाची नजर आत पोचू नये. मग दालन, हा शब्द तर आपण जसाच्या तसा उचलला आहे. आणि मग एकदम उघडा चौक, मध्ये हौद, हौदाच्या कडेला डाळिंबाची झाडे. पुण्यातला कुठलाही जुन्या वाड्यात वाढलेला माणूस इथे आला तर पायातल्या वहाणा काढून सरळ ओसरीवर जाऊन बसेल.

चौकाच्या दक्षिणेकडचा भाग उन्हाळ्याचा, कारण त्याचे तोंड उत्तरेला आणि ऊन त्याच्या पाठीवर. उत्तरेकडचा हिवाळ्याचा. घरातली माणसे ऋतूप्रमाणे एका घरातल्या घरात बिऱ्हाड हलवीत. आणि उन्हाळ्याच्या भागावर उभा असतो यझ्दचा मानाचा शिरपेच, बादगीर. 'बाद' म्हणजे वारा, आपला वात. 'गीर' म्हणजे धरणारा, जहांगीर जसा जग धरणारा. छपरावर एक उंच चौकोनी मनोरा, त्याला वरच्या बाजूला उभ्या फटी, आत उभे पडदे घालून कप्पे केलेले. वरचा वारा फटीत सापडतो, खाली उतरतो, हौदाच्या पाण्यावरून जातो आणि गार होऊन बैठकीत येतो. तापलेली हवा दुसऱ्या कप्प्याने वर निघून जाते. दौलताबादच्या बागेतला बादगीर तेहतीस मीटरांहून उंच आहे. मी त्याच्याखाली उभा राहिलो तेव्हा बाहेर अंग भाजत होते आणि माझ्या डोक्यावरचे उरलेले चार केस उडत होते. ही बाग अठराव्या शतकाच्या मध्याला यझ्दचा सुभेदार मुहम्मद तकी खान याने वसवली, तीही आधी नवी कनात आणून. त्याच सुमारास आमच्याकडे नानासाहेब पेशवे कात्रजच्या तळ्याचे पाणी जमिनीखालच्या नळाने पुण्याच्या हौदांत आणवीत होते. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असेल असे वाटत नाही; पण शहर वसवायचे तर आरंभ कुठून करायचा, हे दोघांना ठाऊक होते.

गावाची सार्वजनिक इमारत म्हणाल तर आब-अंबार. जमिनीत खोल टाके, वर मातीचा घुमट, आणि घुमटाच्या कडेने बादगीर, पाणी गार राहावे म्हणून. एका टाक्याला तर सहा बादगीर आहेत. पायऱ्या उतरत खाली गेले की तोटी. चौदाव्या शतकात उभी राहिलेली जामा मशीद आहे. तिच्या दाराच्या दोन मनोऱ्यांची उंची पन्नास मीटरांच्या आसपास, निळ्या फरशांनी मढवलेली, आणि इराणातल्या सर्वांत उंच मनोऱ्यांत त्यांची गणना होते. पण मला आवडले ते त्या मशिदीच्या आवारातून खाली जाणारे भुयार. पायऱ्या थेट झार्चच्या कनातीपर्यंत उतरतात. वर आभाळात मनोरे आणि पायाखाली पाणी. गावातल्या पारशांचे अग्निमंदिरही पाहिले. तिथला अग्नी इ.स. ४७० पासून तेवत आहे अशी श्रद्धा आहे. आजची इमारत १९३४ सालची, आणि तिला पैसा गेला मुंबईहून. त्याआधी १८५४ साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणात धाडले होते. त्यांनी अनेक वर्षे खटपट केली आणि १८८२ साली तिथल्या जरथुश्त्री लोकांवरचा जिझिया उठला. आमच्या इराण्याच्या आजोबांच्या गावाशी मुंबईची नाळ अशी दुहेरी जुळलेली आहे.

एके काळी हे शहर रेशमाच्या व्यापारावर श्रीमंत होते. तेराव्या शतकात मार्को पोलो इथून गेला आणि इथल्या रेशमी कापडाचे नाव लिहून गेला. मग आज काय आहे?

आज यझ्द वाढते आहे. लोकवस्ती पाच लाखांच्या वर गेली आहे. रुंद रस्ते, पोलादाचे आणि फरशांचे कारखाने, विद्यापीठ, सगळे आहे. खचत चालले आहे ते जुने गाव. १९३० च्या दशकात मोटारींसाठी जुन्या वस्तीला चिरून सरळ रस्ते काढले. गल्ल्यांची सावली तुटली, मोहल्ले दुभंगले. मग ज्यांना परवडले ते मोटार दाराशी जाईल अशा नव्या वस्तीत गेले. मागे राहिले म्हातारे, गरीब, आणि अफगाणिस्तानातून पोटासाठी आलेले मजूर. मातीच्या घराला दर दोनचार वर्षांनी लेप द्यावा लागतो. माणूस गेला की लेप गेला. फहादान मोहल्ल्यात मी एका भिंतीच्या भगदाडातून आत पाहिले. चौकात कोसळलेल्या छपराचा ढीग, हौदात कचरा, आणि वरती बादगीर मात्र शाबूत, रिकाम्या घरात इमाने इतबारे वारा सोडीत उभा. २०१७ साली या जुन्या गावाला युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. कितीतरी वाड्यांची हॉटेले झाली, मीही तशाच एकात उतरलो होतो. ती घरे तेवढी वाचली. २०२२ च्या उन्हाळ्यात अवेळी मुसळधार पाऊस झाला तेव्हा मातीच्या कित्येक जुन्या वास्तूंची पडझड झाली. जे गाव पाण्यावाचून सुकले ते पावसानेही ढासळले.

आणि पाणी? ती हकिगत मला एका मुकन्नीने सांगितली. माझ्या हॉटेलाच्या मालकाने त्याला बोलावून आणले होते. वय ऐंशीच्या घरात, हात बाभळीच्या खोडासारखे. माझी फार्शी कोशातली. मी बोलू लागलो की लोक आधी आदराने ऐकत आणि मग हसू दाबीत. पण म्हातारा सावकाश बोलला आणि मालकाने मदत केली.

"आगा, कनाती का सुकल्या?" मी विचारले.

"खोल विहिरी," तो म्हणाला. "पंप आले. कनात डोंगरातले वरचे पाणी घेते, जेवढे झिरपेल तेवढेच. पंप खालचे ओढतो. पाण्याची पातळी कनातीच्या खाली गेली, की कनात म्हणजे नुसते भुयार."

ही गोष्ट पुस्तकातही आहे. गेल्या शतकाच्या मध्यानंतर इराणात पंप झपाट्याने पसरले. १९६२ च्या जमीनसुधारणेने जमीनदारी मोडली. ते न्यायाचेच होते, पण कनातीच्या दुरुस्तीचा खर्च आजवर त्या जमीनदारांच्या पुढाकाराने होई, तो कोणी करायचा हे ठरले नाही. प्रत्येकाला आपापला पंप सोयीचा वाटला. भूजल इतके उपसले गेले की यझ्दच्या खोऱ्यात जमीनच खाली बसू लागली. शेवटी इस्फहानकडून झायंदेरूदचे पाणी मोठ्या नळाने आणावे लागले. तीच नदी, जिच्या पात्रात पोरे फुटबॉल खेळत होती! इस्फहानचे शेतकरी म्हणतात, आमचे पाणी यझ्दला का? २०१३ साली त्यांनी तो नळ तोडला. २०२५ च्या वसंतात पुन्हा तोडला, आणि यझ्दमध्ये पाण्याची इतकी टंचाई झाली की शाळा-कचेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या. जे शहर सत्तर किलोमीटरांवरचे पाणी भांडण न करता वाटून घेत आले, ते आज दुसऱ्याच्या नदीवर आणि दुसऱ्याच्या मर्जीवर जगते आहे.

पण म्हाताऱ्याने पुढे जे सांगितले ते पुस्तकात नव्हते. मी विचारले, "त्या खोल विहिरी खणल्या कोणी?"

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "आम्हीच खणल्या. जमीन आमच्याशिवाय कोणाला माहीत होती? मालक मजुरी दुप्पट देत. पहिली विहीर मी माझ्या थोरल्या भावासाठी खणली. माझ्या बापाने जी कनात आयुष्यभर साफ केली तिच्यापासून हजार पावलांवर. बाप तेव्हा जिवंत होता. काही बोलला नाही. पाणी लागले तेव्हा आम्ही मिठाई वाटली."

"आणि मग?"

"सहा वर्षांनी बापाची कनात आटली. अकराव्या वर्षी भावाची विहीर." मग थोडे थांबून तो म्हणाला, "आबरू गेली, आगा."

त्याने 'आबरू' म्हटले तेव्हा त्याच्या डोळ्यांत मला त्या शब्दाचे दोन्ही तुकडे दिसले. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी कोशातून जे देऊ शकलो नव्हतो ते हेच. वाळवंटात राहणाऱ्या माणसाच्या तोंडावर तेज असते ते घरात पाणी असल्याचे. पाणी गेले की तोंड सुकते, दारी आलेल्याला पेला देता येत नाही, आणि मान खाली जाते. आपण तो शब्द आणला आणि त्यातले पाणी विसरून फक्त मान ठेवला.

माझीही मान तेव्हा खाली गेली होती, आणि त्याचे कारण त्याला सांगण्याइतकी फार्शी मला येत नव्हती. ते वाचकांना सांगून टाकतो. सदाशिव पेठेत आमचा वाडा होता. चौकात आड होता. माझ्या आजीच्या तोंडून ऐकले आहे की दुष्काळातही आडाला पाणी असे, आणि शेजारच्या तीन वाड्यांतल्या बायका आमच्याकडे पाण्याला येत. २००४ साली वाडा पाडून इमारत करायचे ठरले. भावांबरोबर मीही सही केली. फ्लॅट मलाही हवाच होता. बांधणाऱ्याने विचारले, "बोअर घ्यायची का?" मीच म्हणालो, घ्या, चांगली खोल घ्या. पाणी लागले तेव्हा आम्हीही पेढे वाटले. चार वर्षांत आडाचा तळ दिसू लागला. शेजारच्या इमारतीने आमच्याहून खोल बोअर घेतली, आणि दोन उन्हाळ्यांनी आमची बोअर नुसती हवा सोडू लागली. आता उन्हाळ्यात आम्ही सगळे टँकरची वाट पाहत गॅलरीत उभे असतो. आमच्या शहरात नाना हौद, फडके हौद, काळा हौद ही नावे उरली आहेत. पत्ता सांगायला ती उपयोगी पडतात.

मी कोणाला उपदेश करायला बसलो नाही. ज्याने स्वतः सही केली त्याने काय उपदेश करायचा? पण गेल्या महिन्यात आमच्या इमारतीची सभा झाली. दुसरी, आणखी खोल बोअर घ्यावी असा ठराव होता. मी उठून म्हणालो की आड अजून बुजवलेला नाही, वाहनतळाच्या कोपऱ्यात लोखंडी झाकणाखाली आहे; तो उपसून साफ करावा आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी त्यात सोडावे. एक गृहस्थ म्हणाले, "सर, त्याने टँकर बंद होईल का?" मी म्हणालो, "नाही. निदान लगेच नाही." मग मी त्यांना यझ्दच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. सभेत मराठीच्या मास्तराने गोष्ट सांगायला सुरुवात केली की लोक घड्याळाकडे पाहतात. तसे त्यांनी पाहिले. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

वसुबारसेच्या आदल्या रविवारी मात्र तळमजल्यावरचे एक निवृत्त पोस्टमास्तर आणि तिसऱ्या मजल्यावरची दोन कॉलेजातली मुले माझ्या दाराशी आली. हातात दोर आणि बादली. "सर, झाकण उघडून बघायचे का?" त्यांनी विचारले. आम्ही झाकण उघडले. आत दोन पुरुष गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि एक तांब्याचा गडू. पाणी नव्हते. पण दगडी बांधकाम शाबूत होते, आणि एका बाजूची कपार ओली होती.

त्या दिवशी आम्ही अठरा बादल्या गाळ काढला. उरलेला भाऊबीज झाली की काढणार आहोत. कोणा वाचकाला हौस असेल तर त्याने यावे. चहा आमच्याकडे, आणि इराण्याकडचा मस्का-पाव माझ्या खर्चाने.